एकदा दाखवा, साठ वेळा करवून घ्या

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि शिक्षकांच्या टेबलावर याद्या येऊन पडतात. वर्गाची हजेरी, पुस्तकवाटपाची यादी, शिष्यवृत्तीची यादी, आरोग्य तपासणीची यादी. मुले तीच, नावेही तीच; पण एका यादीत आडनाव आधी हवे असते, दुसरीत शेवटी. पूर्वी हे काम हाताने लिहून होई. आता ते बहुतेक ठिकाणी संगणकावर होते. पद्धत मात्र पुष्कळदा जुनीच राहिलेली दिसते. पहिल्या ओळीवर जा, आडनाव उचला, ओळीच्या शेवटी ठेवा. दुसऱ्या ओळीवर जा, आडनाव उचला, शेवटी ठेवा. साठ मुलांच्या वर्गाला हे साठ वेळा.

न कंटाळता तेच ते करणे हा तर संगणकाचा मुख्य गुण. मग कंटाळवाणे काम आपण करावे आणि त्याने नुसते पाहत बसावे, हे उलटेच झाले. मजकूर लिहिण्याच्या व सुधारण्याच्या आज्ञावलीत, म्हणजे ज्याला आपण ‘एडिटर’ म्हणतो त्यात, वारंवार लागणाऱ्या आज्ञांना आखूड वाट करून देण्याची सोय असते. ती सोय कशी चालते आणि ती वापरताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे या लेखात पाहू या.

संक्षेप आपल्याला नवे नाहीत

आपल्या घरी आलेले एखादे जुने पत्र काढून पाहा. वर ‘ती. बाबांस’, मग ‘सा. न. वि. वि.’, शेवटी ‘ता. क.’. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे चार शब्द प्रत्येक पत्रात यायचेच, म्हणून लिहिणाऱ्याने चार अक्षरांत आटोपले आणि वाचणाऱ्याने मनात पुरते वाचून घेतले. मोडीतल्या जुन्या पत्रव्यवहारातही ‘राजमान्य राजेश्री’चे ‘रा. रा.’ झालेले दिसते. कोल्हापूरच्या पुरालेखागारातले मोडी कागद वाचायला शिकणाऱ्याला लिपीइतकेच हे संक्षेपही शिकावे लागतात.

पत्ता घ्या. ‘मु. पो. अमुक, ता. करवीर, जि. कोल्हापूर’. इथे ‘ता.’ म्हणजे तालुका. त्याच पत्रावर ‘ता. १५ जून’ असे असेल तर ‘ता.’ म्हणजे तारीख. आणि ‘ता. क.’ मधला ‘ता.’ म्हणजे ताजा. एका अक्षराचे तीन अर्थ, पण आपण कधी अडखळत नाही. मागचे-पुढचे पाहून योग्य तो अर्थ घेतो. संगणकाला ‘ता.’ म्हणजे तालुका असे एकदा सांगितले, की तो पंधरा जूनलाही तालुकाच म्हणणार. आपले संक्षेप आणि संगणकाचे संक्षेप यांत हा मोठा फरक आहे. पुढचे बरेचसे विवेचन याच फरकाभोवती आहे.

पहिली वाट: थोडे लिहा, पुरते उमटवा

सर्वांत सोपी सोय म्हणजे संक्षेपाचा विस्तार. लिब्रेऑफिससारख्या लेखन-आज्ञावलीत ‘ऑटोटेक्स्ट’ नावाची सोय असते. शाळेचे पूर्ण नाव, पत्ता, नेहमीचा मायना असा मजकूर एकदा साठवायचा, त्याला छोटेसे नाव द्यायचे. पुढे ते छोटे नाव लिहून एफ-३ ही कळ दाबली की त्या जागी सगळा मजकूर उमटतो. दुसरी सोय ‘ऑटोकरेक्ट’ची. तिच्यात कळही दाबावी लागत नाही. ठरवलेला छोटा शब्द लिहून मोकळी जागा सोडली, की त्याच्या जागी मोठा शब्द येतो.

आम्ही मात्र एकदा या वाटेने न जाता आडवाट धरली. एका शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर आम्ही टंकलिखित करत होतो. ‘शिक्षक’ हा शब्द फार वेळा येतो म्हणून सगळीकडे नुसते ‘शि’ लिहिले. शेवटी ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा देऊन सगळ्या ‘शि’चे ‘शिक्षक’ करून टाकू, असा बेत होता. आज्ञा दिली, काम क्षणात झाले, आणि वाचू लागलो तो काय! शिरोळचे ‘शिक्षकरोळ’ झाले होते, शिवाजी विद्यापीठाचे ‘शिक्षकवाजी विद्यापीठ’, आणि ‘शिक्षण’ या शब्दाचे तर ‘शिक्षकक्षण’. संगणकाची यात काहीच चूक नव्हती. ‘शि’ जिथे दिसेल तिथे बदल, असे आम्हीच सांगितले होते. ‘शि हा सुटा शब्द असेल तिथेच बदल’ असे आमच्या मनात होते, पण मनातले त्याला कुठून कळणार?

यातून आम्ही दोन नियम शिकलो. एक, संक्षेप असा निवडावा की जो भाषेत एरवी येतच नाही. ‘शि’ ऐवजी ‘शि;;’ घेतला असता तर काही बिघडले नसते. दोन, ‘सगळे बदला’ म्हणण्याआधी ‘एकेक दाखवत बदल’ असे म्हणून पहिली आठ-दहा ठिकाणे डोळ्यांखालून घालावीत.

दुसरी वाट: कृतीची नोंद

आडनावाच्या यादीला मात्र संक्षेप उपयोगी नाही. तिथे शब्द दर ओळीला वेगळे आहेत; सारखी आहे ती कृती. म्हणून संगणकाला कृतीच शिकवायची. आपण एका ओळीवर ज्या कळा दाबू त्या त्याने क्रमाने टिपून ठेवायच्या आणि सांगू तेव्हा तशाच पुन्हा दाबल्यासारखे करायचे. अशा टिपलेल्या कृतीला ‘मॅक्रो’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लांब किंवा मोठा. एका आज्ञेच्या पोटात अनेक आज्ञा, म्हणून ती मोठी आज्ञा.

नोटपॅड प्लस प्लस हा फुकट मिळणारा एडिटर विंडोज असलेल्या संगणकावर चालतो. त्यात ‘मॅक्रो’ नावाची यादीच वर दिसते. समजा, आपल्याकडे अशा ओळी आहेत (नावे अर्थातच कल्पित):

पाटील सुनीता रामचंद्र
माने सुनीता रामचंद्र
कुलकर्णी सुनीता रामचंद्र

आपल्याला आडनाव शेवटी न्यायचे आहे. पहिल्या ओळीवर जाऊन ‘स्टार्ट रेकॉर्डिंग’ निवडा आणि पुढील गोष्टी करा.

१. ‘होम’ कळ दाबा. कर्सर ओळीच्या आरंभी जातो.
२. कंट्रोल व शिफ्ट धरून उजव्या बाणाची कळ एकदा दाबा. पहिला शब्द व त्यापुढची मोकळी जागा निवडली जाते.
३. कंट्रोल-एक्स. निवडलेला भाग उचलला जातो.
४. ‘एंड’ कळ दाबा. कर्सर ओळीच्या शेवटी जातो.
५. एक मोकळी जागा सोडा.
६. कंट्रोल-व्ही. उचललेला भाग इथे येतो.
७. खालच्या बाणाची कळ दाबा. कर्सर पुढच्या ओळीवर जातो.

आता ‘स्टॉप रेकॉर्डिंग’. पहिली ओळ ‘सुनीता रामचंद्र पाटील’ अशी झालेली दिसेल. यापुढे ‘प्लेबॅक’ म्हटले की एक ओळ होते. ‘रन अ मॅक्रो मल्टिपल टाइम्स’ निवडून आकडा दिला की तितक्या ओळी होतात. हा मॅक्रो नाव देऊन साठवता येतो आणि त्याला स्वतःची कळही नेमून देता येते. पुढच्या जूनमध्ये तीच कळ दाबायची.

सातवी पायरी विसरू नये. ती नसेल तर मॅक्रो पहिल्याच ओळीवर पुन्हा पुन्हा फिरत राहील. एका फेरीचा शेवट हा दुसऱ्या फेरीचा आरंभ झाला पाहिजे.

मोजून नव्हे, खुणेने

दुसऱ्या पायरीत आपण ‘पहिला शब्द निवड’ असे सांगितले. नवशिका माणूस तिथे वेगळेच करतो. तो शिफ्ट धरून उजवा बाण चार वेळा दाबतो: पा, टी, ल आणि मोकळी जागा. पहिल्या ओळीवर उत्तर अगदी बरोबर येते. आता हाच मॅक्रो दुसऱ्या ओळीवर चालवा. ‘माने’मध्ये दोनच अक्षरे. म्हणून चार बाणांत मा, ने, मोकळी जागा आणि पुढचा ‘सु’ एवढे निवडले जाते. ओळ होते: ‘नीता रामचंद्र माने सु’. शेवटी लोंबणारा ‘सु’ कुणी केर समजून पुसून टाकला, की ‘नीता रामचंद्र माने’ हे अगदी खरे वाटणारे नाव उरते. सुनीताची नीता झाली आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही. ‘शिक्षकरोळ’ पाहून निदान हसू तरी येते. ही चूक तर दिसतच नाही.

मराठीत मोजण्याचा मार्ग आणखीच निसरडा आहे. आपण ‘पाटील’मध्ये तीन अक्षरे मोजतो. युनिकोड पद्धतीत संगणक मात्र पाच चिन्हे साठवतो: प, काना, ट, दुसरी वेलांटी, ल. बाणाची कळ दाबल्यावर काही एडिटर अख्ख्या अक्षरावरून उडी घेतात, तर काही एकेका चिन्हावरून. ‘कुलकर्णी’तल्या रफारात तर र, हलन्त चिन्ह आणि ण अशी तीन चिन्हे एकत्र आलेली असतात.

म्हणून मॅक्रो करताना नेहमी खुणेच्या भाषेत बोलावे. ‘ओळीच्या आरंभी जा’, ‘शब्दाच्या शेवटापर्यंत निवड’, ‘पुढच्या स्वल्पविरामापर्यंत जा’. या खुणा प्रत्येक ओळीत असतात, मग शब्द लहान असो वा मोठा. ‘चार घरे पुढे जा’ हे एका ओळीचे उत्तर झाले. ‘शब्द संपेपर्यंत जा’ ही सर्व ओळींची रीत झाली. गणिताच्या शिक्षकांना हा फरक ओळखीचा वाटेल. एक उदाहरण सोडवणे आणि सूत्र मांडणे यांत जो फरक आहे, तोच हा.

उद्यमनगरातला पॅटर्न

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फौंड्री पाहायला मुलांना नेता आले तर जरूर न्यावे. ओतकामासाठी आधी लाकडाचा किंवा धातूचा पॅटर्न करतात. तो वाळूत दाबून साचा घेतात, साच्यात वितळलेले लोखंड ओततात. नग काढताना वाळूचा साचा मोडतो; पॅटर्न मात्र राहतो आणि त्यावरून पुढचा साचा घेतात. बीड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसते, म्हणून पॅटर्न करणारा कारागीर तितकी सूट आधीच धरून माप थोडे मोठे ठेवतो. तो विसरला तर एक नग बिघडत नाही, त्या पॅटर्नवरून निघालेले सारे नग बिघडतात. म्हणून फौंड्रीत आधी एकच नग ओतून तपासतात.

मॅक्रो हा असाच पॅटर्न आहे. तोही आधी एकाच ओळीवर, मग दोन-तीन वेगळ्या प्रकारच्या ओळींवर चालवून पाहावा. मूळ फाईलची प्रत आधी बाजूला ठेवावी. चूक दिसली तर कंट्रोल-झेड दाबून मागे यावे, मॅक्रो दुरुस्त करावा आणि मगच आकडा साठ द्यावा.

सगळी नावे एका मापाची नसतात

आता एक अवघड भाग. आमचा मॅक्रो धरून चालतो की ओळीतला पहिला शब्द म्हणजे आडनाव. पण ‘माने पाटील’ असे जोड आडनाव लावणारी घराणी आपल्याकडे आहेत. त्या ओळीत फक्त ‘माने’ शेवटी जाईल आणि मुलीचे नाव ‘पाटील’पासून सुरू होईल. एखादे कुटुंब आडनाव लावतच नाही. तिथे मुलीचे स्वतःचेच नाव उचलून शेवटी टाकले जाईल. एखादे मूल वडिलांऐवजी आईचे नाव लावते; तिथे मॅक्रो बरोबर चालेल, पण चाललाच आहे हे पाहावे लागेल.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी वा नंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदवायची. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत येतील, तेव्हा याद्यांमधली नावे चार शब्दांची असतील. ‘तिसऱ्या शब्दानंतर आडनाव ठेव’ असे ज्यांनी मॅक्रोला शिकवले असेल, त्यांच्या याद्या त्या वर्षी बिघडतील. ‘ओळीच्या शेवटी ठेव’ असे शिकवलेला मॅक्रो तसाच चालेल. खुणेने बोलण्याचा हा आणखी एक फायदा.

परंतु जोड आडनाव आणि नसलेले आडनाव यांना कोणतीही खूण पुरत नाही. ‘माने पाटील सुनीता’ यात आडनाव कुठे संपते हे ओळीत लिहिलेलेच नाही. ते वर्गशिक्षकाला ठाऊक असते. असे अपवाद आधी शोधून वेगळे ठेवावेत आणि हाताने करावेत, किंवा मूळ यादीतच आडनावापुढे स्वल्पविराम द्यावा. अपवाद थोडे आहेत म्हणून सोडून देणे बरे नाही. यादीतली चूक हजेरीत जाते, हजेरीतली दाखल्यावर, आणि दहावीच्या अर्जातून ती प्रमाणपत्रावर. तिथे पोहोचलेली चूक सुधारायला त्या एका मुलीच्या घरच्यांना अर्ज, पुरावे आणि हेलपाटे यांत किती दिवस जातात, ते प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत आहे. आपण वाचवलेली दहा मिनिटे तिने भरून द्यावीत हे न्यायाचे नाही.

थोडा इतिहास

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झाले. साधारण त्याच सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत डॅन मर्फी यांनी ‘टेको’ नावाचा एडिटर तयार केला. त्यातल्या आज्ञा म्हणजेही अक्षरेच असत. त्यामुळे आज्ञांची माळ मजकुरासारखी साठवून ठेवता येई आणि हवी तेव्हा चालवता येई. वापरणाऱ्यांनी आपापल्या सोयीच्या माळा करून ठेवल्या. पुढे असे झाले की प्रत्येकाच्या संगणकावरच्या कळांचा अर्थ वेगळा. एकाच्या जागी बसून दुसऱ्याला काम करणे कठीण. तेव्हा गाय स्टील यांनी या माळा एकत्र करून त्यांत एकसूत्रता आणण्याचे काम हाती घेतले, रिचर्ड स्टॉलमन यांनी ते पुढे नेले, आणि १९७६ मध्ये ‘ईमॅक्स’ हा एडिटर जन्मला. त्याच्या नावातच ‘मॅक्रो’ शब्द दडलेला आहे.

त्याच वर्षी बर्कलीला बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. त्याचा सुधारलेला अवतार ‘विम’ हॉलंडच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. विममध्ये क्यू आणि ए या कळा दाबल्या की ‘ए’ नावाच्या कप्प्यात नोंद सुरू होते, पुन्हा क्यू दाबला की थांबते. मग ६० हा आकडा, ॲटचे चिन्ह आणि ए, एवढे दाबले की कृती साठ वेळा होते. मराठी कळफलक चालू असेल तर मात्र या आज्ञा विमला कळत नाहीत. आधी इंग्रजी कळफलकावर यावे लागते.

शाळेच्या कार्यालयालाही ईमॅक्सच्या जन्मकथेतून एक गोष्ट घेता येईल. नेमून दिलेल्या कळा आणि संक्षेप एका कागदावर लिहून भिंतीला लावावेत. नाहीतर लिपिक बदलला की सगळी सोय त्याच्याबरोबर जाते.

केव्हा परवडते?

प्रत्येक कामाला मॅक्रो करणे हाही वेळेचा अपव्यय आहे. हिशेब सोपा आहे. समजा, हाताने एका ओळीला १५ सेकंद लागतात. मॅक्रो तयार करून तपासायला ५ मिनिटे, म्हणजे ३०० सेकंद लागतात, आणि नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालायला ३ सेकंद. ओळींची संख्या ‘न’ मानू. हाताने लागणारा वेळ १५न, मॅक्रोने ३०० + ३न. दोन्ही सारखे होतात तेव्हा १२न = ३००, म्हणजे न = २५. पंचवीसपेक्षा कमी नावे असतील तर हातानेच करावे. साठ नावांना हाताने १५ मिनिटे, मॅक्रोने ८ मिनिटे. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. आपले आकडे घड्याळ लावून काढावेत आणि आठवीच्या वर्गाला हेच समीकरण मांडायला द्यावे. नजर फिरवण्याचे ३ सेकंद मात्र हिशेबातून गाळू नयेत.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक नसला तरी चालेल. फळ्यावर पाच नावे लिहा: एक लहान आडनाव, एक मोठे, एक जोड आडनाव, एक आडनाव नसलेले, एक चार शब्दांचे. एका मुलाला ‘संगणक’ करा. तो फक्त सांगितले तेच करील, स्वतःची अक्कल वापरणार नाही. बाकीच्यांनी गटागटाने चिठ्ठीवर आज्ञा लिहून द्याव्यात. ‘संगणका’ने त्याच आज्ञा पाचही ओळींवर जशाच्या तशा चालवाव्यात. कोणत्या गटाची चिठ्ठी किती ओळींवर टिकली ते मोजा, आणि जिथे फसली तिथे का फसली यावर मुलांना बोलू द्या. ‘संगणक’ झालेला मुलगा मध्येच दुरुस्ती करू पाहतो, त्याला थांबवावे लागते. त्याचाही विचार करायला सांगा.

जाता जाता एक कोडे. आपला सात पायऱ्यांचा मॅक्रो साठ ओळींच्या यादीवर चुकून ६२ वेळा चालवला. शेवटच्या नावाखाली एकही ओळ नाही, त्यामुळे खालचा बाण दाबूनही कर्सर तिथेच राहतो. शेवटचे नाव तीन शब्दांचे असेल तर ते कसे दिसेल? आणि चार शब्दांचे असेल तर? (विममध्ये असे होत नाही. तिथे खाली जायला ओळच नसली की आज्ञा फसते आणि पुनरावृत्ती थांबते.) मोकळ्या जागा वाढतील, त्या सोडून द्या, शब्दांचा क्रम पाहा. कागदावर करून पाहिलेत तर पाच मिनिटांत उत्तर मिळेल, आणि एवढ्या चुकीच्या यादीत साठावी ओळच का तपासावी हेही कळेल.